ट्रीटमेंट संपली, पुढचं वर्ष घरानं काढलं: चोपडा तालुक्यातल्या एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

मी फिजिओथेरपिस्ट आहे, जळगावात प्रॅक्टिस करते, आणि माझ्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले बरेच पेशंट येतात, मान आखडलेली, खांदा पडलेला, तोंड उघडत नाही. ऑपरेशन कुठे करावं, रेडिएशन किती दिवस, योजनेत बसतं का, हे सगळे विचारतात आणि सांगणारेही भेटतात. पण घरी आल्यावर रोज सकाळी उठून नेमकं काय करायचं, कोणी करायचं, कोणत्या गोष्टीला घाबरायचं आणि कोणत्या नाही, याबद्दल कोणी धड बोलत नाही. म्हणून ही केस सविस्तर लिहितेय. घरच्यांना विचारून लिहितेय, नाव-गाव टाकत नाही, घरात ज्या नावानं हाक मारतात तेच ठेवते: आप्पा, त्यांची बायको म्हणजे काकू, आणि आप्पांची आई म्हणजे आजीमाय.

घर आणि आजार

आप्पांचं वय ५३. चोपडा तालुक्यात तापीच्या पट्ट्यात थोडी जमीन, अर्ध्यात केळी अर्ध्यात कापूस. मोठा मुलगा सुरतला कपड्याच्या मिलमध्ये, सून आणि लहान नातू गावाकडेच, मुलगी बारावीला, शेजारच्या घरात आप्पांचा धाकटा भाऊ, म्हणजे पोरांचा काका. तंबाखू-चुना आप्पांना अठराव्या-विसाव्या वर्षापासून, नंतर पुड्या. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी कुठे मिळते हे गावातल्या लहान पोराला पण माहीत असतं.

डाव्या गालाच्या आत जखम झाली होती. आधी वाटलं उष्णतेनं तोंड आलंय, मग वाटलं दाताची कड लागतेय, असे चार-पाच महिने गेले. तपासणीत कॅन्सर निघाला, मानेतल्या गाठीतही पोचलेला. परळच्या टाटा हॉस्पिटलला जानेवारीत ऑपरेशन झालं: गालाचा आतला भाग, जबड्याच्या हाडाची वरची कड आणि मानेतल्या गाठी काढल्या, आणि छातीवरचा स्नायू कातडीसकट फिरवून गालाच्या आत बसवला. जखम भरल्यावर रेडिएशन, आठवड्याला ५ दिवस असे ६ आठवडे, एकूण ६० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप), सोबत दर आठवड्याला केमो. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, सोबत काकू आणि आलटून पालटून मुलगा किंवा भाऊ. ऑपरेशन आणि रेडिएशनचा मोठा खर्च महात्मा फुले योजनेतून झाला, तरी जाणंयेणं, खाणंपिणं आणि त्या सगळ्या महिन्यांत शेताकडे झालेलं दुर्लक्ष कोणत्याच योजनेत येत नाही, त्यासाठी काकूंची पोत गहाण गेली आणि सोसायटीचं पीककर्ज थकलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, पंधरा दिवस आधी आप्पा घरी आले. गावात निरोप फिरला की आप्पा बरे होऊन आले.

बरे होऊन आले म्हणजे कसे आले

वजन ६८ वरून ५४. नाकात नळी, कारण रेडिएशनच्या चौथ्या आठवड्यात गिळणं बंद झालं होतं. तोंडात आतून सगळं सोललेलं, लाळ एकदम चिकट तारेसारखी, मानेची कातडी काळी पडून सुटत होती. वरच्या आणि खालच्या दातांत अंतर १८ मिलिमीटर. साधारण माणसाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात, ३५ मिलिमीटरच्या खाली गेलं की आम्ही तोंड आखडलं म्हणतो, आप्पांचं जेमतेम एक बोट जात होतं. डावा हात खांद्याच्या वर उचलत नव्हता.

हे हॉस्पिटलनं सांगितलेलं होतं, कागदावर लिहूनही दिलेलं होतं. पण रेडिएशन संपलं की त्याचा त्रास पण संपतो असं सगळ्यांना वाटतं, आणि तसं होत नाही. शेवटच्या सिटिंगनंतर दोन-तीन आठवडे तोंडाची आग उलट वाढलेली असते, मग हळूहळू उतरते. त्यात आखाजी आली. खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळी माहेरी, झाडाला झोके, खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. दोन्ही बहिणी आलेल्या, घर भरलेलं, आणि रसाचा एक चमचा जिभेला लावला तर आप्पांच्या डोळ्यातून पाणी आलं, आंबट-गोड काहीच सहन होत नव्हतं. ते नळीसकट उठून मळ्यात जाऊन बसले, ४४-४५ डिग्रीच्या उन्हात, मानेवर उपरणं पण नाही. रेडिएशन झालेल्या कातडीला असं ऊन लागू द्यायचं नसतं. त्या दिवशी घरात कोणीच नीट जेवलं नाही असं सून सांगत होती.

येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "कसं शे आते?" (कसं आहे आता?) आणि काकू म्हणायच्या बरं आहे. मग सल्ले सुरू. केळी देऊ नका थंड असतात, दूध-केळी तर अजिबात नको कफ होतो, अंडं गरम पडतं, साखर बंद करा साखरेनं कॅन्सर वाढतो. वजन १४ किलो उतरलेल्या माणसाला हे सांगतात! ज्या घराच्या मागे केळीची बाग उभी त्या घरात पहिले तीन आठवडे आप्पांच्या फीडमध्ये, म्हणजे नळीतून द्यायच्या पातळ जेवणात, केळं गेलं नव्हतं, नुसतं तांदळाचं पाणी आणि पातळ दूध. साखरेचं म्हणाल तर त्यांना डायबेटिस नव्हता, त्यांना तेव्हा कॅलरी आणि प्रोटीन हवं होतं, कुठूनही. हॉस्पिटलच्या डाएटिशियनला व्हिडिओ कॉल लावून सगळ्यांच्या समोर स्पीकरवर बोलायला लावलं तेव्हा कुठे ते थांबलं.

आणखी एक, लिहायला वाईट वाटतं पण लिहिते. आजीमायनं आप्पांचं ताट-तांब्या वेगळा काढला होता आणि नातवाला जवळ जाऊ देत नव्हती. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं, तिला खरंच वाटायचं की हा रोग उष्ट्यातून लागतो, आणि तिला नातवाची भीती. कॅन्सर एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, उष्ट्यानं नाही, शिवल्यानं नाही. हे काकूंनी सांगून ती ऐकेना, मुलानं सांगून ऐकेना. शेवटी गावातल्या आशाताईंनी येऊन तिच्यासमोर आप्पांच्या तांब्यातून पाणी पिऊन दाखवलं. त्यानंतर नातू सारखा आप्पांच्या खाटेवर.

चूल

आमच्याकडे घरातलं रोजचं जेवण म्हणजे तिखट. ठेचा, शेवभाजी, काळ्या मसाल्याची रस्सा भाजी, साध्या डाळीला सुद्धा लसूण-मिरचीची फोडणी. आणि रेडिएशन झालेल्या तोंडाला मिरचीचा वास सुद्धा लागतो, फोडणी पडली की आप्पांना खोकला, आणि नळी असलेल्या माणसाचा खोकला बघवत नाही. काकूंनी मग काय केलं तर घरातलं तिखटच बंद करून टाकलं, सगळ्यांसाठी. दोन महिने पूर्ण घर वरण-भात, मुगाची खिचडी. भावना चांगली होती पण झालं असं की पोरगी शेजारी काकाकडे जाऊन जेवायला लागली, सून लपून लोणचं खायची, आणि आप्पांना ते कळत होतं. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं (तेव्हा बोलणं कोणाला समजायचं नाही म्हणून नातवाची पाटी वापरायचे) की माझ्यामुळे सगळ्यांचं जेवण गेलं. आणि जेवायला बसणंच सोडलं, एकटे पडवीत बसून फीड घ्यायचे.

यावर उपाय सुनेनं काढला, मी नाही. डाळ शिजली की फोडणीच्या आधी एक वाटी बाजूला. भाजी शिजली की मसाल्याच्या आधी एक वाटी बाजूला. तीच डाळ, तीच भाजी, फक्त आप्पांची वाटी तूप टाकून मिक्सरमधून. फोडणी मागच्या अंगणातल्या चुलीवर. म्हणजे घर परत भाकरी-ठेच्यावर आलं आणि आप्पांचं पण तेच जेवण, वेगळं काही नाही. जूनमध्ये नळी निघाली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सगळ्यांसोबत पंगतीत बसून खाल्लं, मुगाची पातळ खिचडी आणि दुधात कुस्करलेलं केळं.

नळीचं पण सांगते, कारण नळी घेऊन घरी आलेल्या पेशंटच्या घरात हे कामाचं आहे. फीड देताना माणूस बसलेला पाहिजे, आडवा नाही, आणि नंतर पण अर्धा-पाऊण तास बसलेलाच. फीड गाळून, कोमट, हळू. प्रत्येक वेळी आधी-नंतर साधं पाणी सोडायचं, नाहीतर नळी चोंदते. नळी थोडी जरी सरकलेली वाटली, नाकापाशी केलेली खूण पुढे-मागे दिसली, तर फीड द्यायचंच नाही, आधी दाखवायचं. सुनेनं मिक्सरशेजारी भिंतीवर खडूनं वेळा लिहिल्या होत्या, दिवसातून सहा फीड, आणि काय काय घातलं ते पण. नाचणी, दूध, अंडं, शेंगदाण्याचं बारीक कूट, केळं, तूप. ऑगस्टपर्यंत वजन ५८ झालं.

चव परत यायला वेळ लागला. आजीमाय जवळ बसून म्हणायची, "खाई ले रे भाऊ थोडं," आणि आप्पा म्हणायचे, "माले चवच नही लागत." सगळं कागदासारखं लागायचं त्यांना. सहा-सात महिन्यांनी खारट कळायला लागलं, मग गोड. लाळ मात्र पहिल्यासारखी झाली नाही, बहुतेकांची होत नाही. पाण्याची बाटली कायम सोबत, प्रत्येक घासासोबत घोट, रात्री उठून घोट. आणि दिवसातून चार-पाच वेळा मीठ आणि खायचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या. गालाच्या आत बसवलेल्या छातीच्या कातडीला संवेदना नसते, त्यामुळे घास तिथे साठून राहतो आणि कळतच नाही, चहा किती गरम ते पण कळत नाही. काकू जेवणानंतर मोबाईलचा टॉर्च मारून गाल बघायच्या, हे त्यांनी स्वतःहून सुरू केलं आणि माझ्या मते फार चांगलं केलं.

तोंड उघडण्याचा व्यायाम

इथे मी जरा जास्त बोलणार, कारण हे माझं काम आहे आणि इथेच घरं हरतात. रेडिएशननं स्नायू आतून घट्ट होत जातात, आणि ते महिनोनमहिने चालतं, वर्षांनी सुद्धा. म्हणजे आज १८ उघडतंय आणि काही केलं नाही तर ते १८ राहणार नाही, कमी होणार. आईस्क्रीमच्या लाकडी चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये सरकवायच्या, ताण येईपर्यंत, अर्धा मिनिट धरायचं, सोडायचं, परत. दिवसातून पाच-सहा वेळा. काही दिवसांनी एक काडी वाढवायची. साधं, फुकट, आणि भयंकर कंटाळवाणं. वर दुखतं.

मे-जूनमध्ये आप्पा करत होते. जुलैत कापसाची निंदणी, मुलगा सुरतला परत गेला, काकू दिवसभर शेतात, आणि काड्या फळीवर पडून राहिल्या. महिन्यानंतर मोजलं तर १४. मी काकूंना विचारलं तर त्या गप्प, आणि मग रडायलाच लागल्या. तेव्हा नीट चौकशी केली की घरात कोण काय करतं. आप्पांचं खाणं सून बघते, ते सोडून बाकी सगळं काकू. औषधं काकू, गुळण्यांचं पाणी काकू, ड्रेसिंग काकू, रात्री उठणं काकू, शेत काकू, सावकाराशी बोलणं काकू, आलेल्या माणसांचा चहा पण काकू. आणि त्यांना स्वतःला बीपी. गोळ्या संपून दोन महिने झालेले, आणायला कोणी नाही आणि पैसे आप्पांच्या औषधाला. श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाच्या दिवशी त्या चुलीपुढेच चक्कर येऊन पडल्या, बीपी १८० च्या वर निघालं.

माझं स्पष्ट मत आहे की या घरातली सगळ्यात मोठी अडचण आप्पांचा गाल नव्हता, सगळं एकाच बाईवर होतं ही होती. आणि हे मी घरोघर बघते. नवरा आजारी पडला की बायकोनं सगळं करायचं हे कोणी ठरवत नाही, ते आपोआप होतं, आणि कोणी विचारत पण नाही. बाई आजारी पडली की मात्र बहिणीला बोलावतात.

मग एका रविवारी सगळे बसले, मुलगा सुरतहून व्हिडिओ कॉलवर, काका पण आला. कामं वाटली. व्यायामाचं मुलीकडे, तिनं स्वतः मागून घेतलं, अभ्यासाला बसताना वडिलांना समोर बसवायचं आणि मोबाईलवर टायमर लावायचा. फाईल पण तिच्याकडे, सगळे कागद तारखेप्रमाणे. जेवण सून. फवारणी, केळीची कापणी, मजूर काका. पैसे, सोसायटी, पोत सोडवणं मुलगा. मुंबईचा फॉलोअप मुलगा किंवा काका, काकू एकाआड एक. आशाताई महिन्याला आप्पांसोबत काकूंचं पण बीपी बघणार. आणि आप्पांकडे ठिबकची मोटर आणि हिशोबाची वही, कारण दिवसभर खाटेवर बसून ते सुकत चालले होते. डाव्या हातानं केळीचा घड उचलणं आता त्यांना जमणार नाही, मानेतल्या गाठी काढताना खांद्याच्या नसेला ताण बसतो आणि छातीचा स्नायू पण गालाला वापरलेला, पण व्हॉल्व्ह फिरवायला आणि वही लिहायला खांदा वर न्यावा लागत नाही.

डिसेंबरपर्यंत तोंड २४ झालं. आता २७ आहे. दोन बोटं जातात.

भीतीचे दिवस

तोंडाचा कॅन्सर परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून या काळात दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी. तारीख जवळ आली की घरात बोलणं कमी व्हायचं. काकू आप्पा झोपले की त्यांची मान चाचपून बघायच्या. ऑक्टोबरमध्ये हनुवटीखाली सूज दिसली, सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. सगळ्यांनी मनात तेच धरलं, बोललं कोणीच नाही. तारखेची वाट न बघता मुंबईला गेले, जळगावहून रात्रीची गाडी. (कॅन्सर पेशंटला उपचार-तपासणीसाठी स्लीपर आणि थ्री टायर एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला त्याच डब्यात ७५ टक्के, फॉर्म हॉस्पिटलमधून मिळतो. या घराला हे पाचव्या महिन्यात कळलं.) तिथे तपासलं, ती गाठ नव्हती, मानेतल्या गाठी काढल्यामुळे आणि रेडिएशनमुळे पाणी साचतं ती सूज होती. हलक्या हातानं मसाज आणि झोपताना डोकं उंच, एवढंच. मसाज मी काकाला शिकवला, कारण काकू करायला लागल्या की चाचपायला लागायच्या आणि आप्पा घाबरायचे.

दाताचं प्रकरण त्याच सुमारास. खालचा एक दात दुखायला लागला, गावातल्या दोघा-तिघांनी सांगितलं काढून टाका, पाच मिनिटांचं काम. निघाले पण होते. मुलीनं फाईल उघडली, त्यात लिहिलेलं की रेडिएशननंतर दात काढण्याआधी आम्हाला विचारा. हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. रेडिएशन बसलेल्या जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी झालेला असतो, दात काढल्यावर ती जागा भरून येईलच असं नाही, हाड उघडं पडून सडू शकतं, आणि हा धोका वर्षं गेली तरी संपत नाही. हॉस्पिटलला फोन केला, दात न काढता साफ करून भरून घेतला, फ्लोराईड सुरू झालं. लाळ कमी म्हणजे दात भराभर किडतात, त्यामुळे दाताच्या डॉक्टरकडे नियमित जाणं हा आता फॉलोअपचाच भाग.

नोव्हेंबरात आप्पा परत खाट धरून बसले. थंडी वाजते, अंगात त्राण नाही, पोट साफ नाही, कोणाशी बोलत नाहीत. घरचे म्हणाले मनानं खचले. थोडं खरं पण होतं, पण मानेला रेडिएशन झालेल्या बऱ्याच जणांचा थायरॉईड मंदावतो हे माहीत असल्यामुळे टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करायला लावलं, ते वाढलेलं निघालं. सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली आणि दीड-दोन महिन्यात माणूस बराच उठून बसला. ही तपासणी सहा महिने ते वर्षानं करतच राहायची असते, त्रास नसला तरी.

मनाचा जो भाग होता तो वेगळ्याच ठिकाणी अडकला होता. आप्पांना जमिनीच्या कागदांबद्दल बोलायचं होतं. सातबारा, बँकेत वारसाचं नाव, कोणाचे किती देणे. विषय काढला की काकू म्हणायच्या अभद्र बोलू नका, मुलगा म्हणायचा तुम्हाला काही होत नाही. बोलणं आधीच अस्पष्ट, त्यात कोणी ऐकून घेईना, मग ते वहीत लिहीत बसायचे. मुलीनं हिशोबाची वही चाळताना ती पानं वाचली आणि भावाला फोटो पाठवले. दिवाळीला मुलगा आला तेव्हा बसून सगळं केलं, बँकेत काकूंचं नाव लागलं, देण्यांची यादी झाली. काकू तेव्हा पण रडल्या, पण नंतर त्यांनीच मला सांगितलं की त्या रात्री आप्पा पहिल्यांदा सलग झोपले. आजारी माणसाला मरणाबद्दल बोलायचं असेल तर बोलू द्यावं असं मला फार मनापासून वाटतं, आपण त्याला गप्प करतो ते आपल्या सोयीसाठी.

भरीत

हिवाळ्यात आमच्याकडे मळ्यात भरीत पार्ट्या होतात. यावल तालुक्यातल्या बामणोदची हिरवी मोठी वांगी आणायची, कापसाच्या काठ्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत मिरची-लसूण घालून ठेचायची, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत पुऱ्या किंवा कळण्याची भाकरी. आप्पांच्या मित्रांची दरवर्षी ठरलेली. आप्पा जायला तयार नव्हते. डावा ओठ ओढलेला असल्यामुळे खाताना लाळ गळते, टॉवेल धरून बसावं लागतं, एका भाकरीला पाऊण तास लागतो, चारचौघांत नको म्हणायचे. आणि दुसरी भीती त्यांनी मलाच सांगितली, घरात नाही: जेवण झालं की सगळे पुड्या काढतात, तिथे हात पुढे गेला तर.

मित्रांना काकानं आधीच सांगून ठेवलं. पार्टी झाली, मिरची टाकायच्या आधी आप्पांचं भरीत वेगळं काढलं, तूप घालून, मऊ भातासोबत खाल्लं त्यांनी. पुडी कोणी काढली नाही, दोघे जण उठून लांब जाऊन आले एवढंच. आप्पांनी निदान झालं त्या दिवसापासून तंबाखू सोडलेली आहे, पण जेवणानंतरची ती वेळ अजून जड जाते म्हणतात, बडीशेप कोरड्या तोंडात चालत नाही, मग ते लगेच गुळण्या करायला उठतात आणि काड्यांचा व्यायाम तेव्हाच करतात. सोडायला मदत हवी असेल तर सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाईन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट, आणि आप्पांनी मुलीकडून लावून घेतला होता. इलाज झाल्यावर तंबाखू परत सुरू केली तर त्याच तोंडात दुसऱ्या जागी नवीन कॅन्सर होऊ शकतो.

सध्या

या घराचं सगळं सुटलंय असं नाही. वजन ६१ वर थांबलंय. फोनवरचं बोलणं समोरच्याला कळत नाही, त्यामुळे केळीचा भाव व्यापाऱ्याशी काकू बोलतात आणि आप्पा शेजारी बसून बोटांनी आकडा दाखवतात. प, ब, म नीट येत नाहीत, त्यासाठी स्पीच थेरपीचे व्यायाम आता सुरू झालेत. पोत अजून सुटली नाही, कर्जाचे दोन हप्ते बाकी. मुलगी बारावी पास झाली आणि तिला नर्सिंगला जायचंय, मग व्यायामाचं आणि फाईलचं कोण बघणार हे ठरायचंय, सुनेनं फाईल घ्यायची तयारी दाखवलीय.

आणि काका. मसाज शिकवायला तो यायचा तेव्हा मी त्याचं तोंड बघितलं, कारण ज्या घरात एकाला होतं तिथे पुडी खाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघायची मला सवय आहे. दोन बोटं जात होती, गालाच्या आत कातडी पांढुरकी आणि कडक, उजवीकडे एक पांढरा चट्टा. तिखट खाल्लं की झोंबतं म्हणाला, दोन वर्षं झाली. जळगावला बायोप्सी झाली, कॅन्सर निघाला नाही पण पेशींमध्ये बदल सुरू झालेत, पुडी पूर्ण बंद आणि दर तीन महिन्यांनी तपासणी असं सांगितलंय. मधे एकदा त्यानं परत सुरू केली होती, आप्पांनी त्याला काही न बोलता समोर बसवून स्वतःचं तोंड टॉर्च लावून आतून दाखवलं. आता दोघं भाऊ सकाळी सोबत काड्यांचा व्यायाम करतात, काकाची पुढची तपासणी आप्पांच्या टीएसएचच्याच आठवड्यात धरली आहे, म्हणजे जळगावची एकच फेरी होईल, आणि काकूंनी स्वतःची बीपीची तारीख पण त्याच दिवशी लावून घेतली.